मंत्रीसाहेब, दुधाचा दर जाहीर करण्याआधी एकदा आमच्या सेंटरवरचा काटा तपासा

प्रति,
मा. दुग्धव्यवसाय विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि सोबत मा. पशुसंवर्धन मंत्री, मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, आणि वजनकाट्याचं खातं ज्यांच्याकडे येतं ते मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री

स.न.वि.वि.

पत्राच्या पत्त्यातच एवढी गर्दी का झाली ते आधी सांगते. आमची गाय एका मंत्र्याकडे, तिचं दूध दुसऱ्याकडे, त्या दुधातली भेसळ तिसऱ्याकडे आणि ते दूध ज्या काट्यावर मोजतात तो काटा चौथ्याकडे. म्हणजे गाय दावणीला उभी आहे तोवर पशुसंवर्धन, धार काढून बादली उचलली की दुग्धविकास, आणि दूध संकलन सेंटरवर बादली काट्यावर ठेवली की वैधमापन, म्हणजे वजनमापं तपासणारं खातं. त्यामुळे आम्ही कुठंही गेलो की "हे आमच्याकडे नाही येत" एवढंच ऐकून परत येतो. म्हणून म्हटलं सगळ्यांनाच एकदम लिहावं, तुम्ही मंत्रिमंडळाच्या बैठकीत तरी शेजारी शेजारी बसत असाल.

मी अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा खोऱ्यात राहते. घरी संकरित गाया आहेत, एचएफच (होल्स्टिन फ्रिजियन) सगळ्या, दोन वेळची धार, थोडा घास, थोडी मका, बाकी चारा विकत. पाऊस झाला तर कांदा टोमॅटो, पण टोमॅटोचं काय होतं ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे घर चालतं ते दुधाच्या पगारावर. आमच्याकडे दुधाच्या बिलाला पगारच म्हणतात, दर दहा दिवसांनी येतो, त्यात किराणा, पोरांची फी, बचत गटाचा हप्ता आणि पेंडवाल्याची उधारी, सगळं त्याच दहा दिवसांच्या हिशोबावर. पगार चुकला तर कर्ज होतंच असं नाही पण पेंड कमी पडते, पेंड कमी पडली की दूध कमी, दूध कमी झालं की पुढचा पगार कमी, आणि एकदा दूध तुटलेली गाय त्या वेतात परत तेवढ्यावर येत नाही हे कुणीही गायवाला सांगेल.

मला तुमच्याशी अनुदानावर भांडायचं नाहीये. अनुदान दिलंत, काहींना मिळालं, त्याबद्दल आभार. माझं म्हणणं वेगळंय. तुम्ही मुंबईत जो दर जाहीर करता तो आमच्या बादलीपर्यंत पोचतच नाही, वाटेत झिरपतो, आणि कुठं झिरपतो ते सगळ्यांना माहीत असून कुणी बघत नाही.

थोडं मागचं आठवून देते. २०१८ च्या जुलैत राजू शेट्टींनी दूध बंद आंदोलन केलं, मुंबईला जाणारे टँकर अडले, मग २५ रुपये ठरले. २०२० ला लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद, मिठाई बंद, दर वीसच्या खाली आला, तेव्हा सरकारने दिवसाला १० लाख लिटर दूध २५ रुपयाने घेऊन पावडर करायचं ठरवलं पण सगळ्यांचं दूध काही त्यात गेलं नाही. आणि त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने १० हजार टन दूध पावडर कमी आयात शुल्कात आणायला परवानगी दिली, इकडे आमचं दूध कुणी घेईना आणि तिकडे बाहेरून पावडर, हा हिशोब मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेला नाही. २०२३ च्या जुलैत तुमच्याच खात्याने गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये जाहीर केले. दिवाळी उरकेपर्यंत आमच्याकडे २६-२७ वर आला होता. का, तर तो शासन निर्णय होता, कायदा नव्हता. खाजगी डेअरीवाल्यांनी सरळ सांगितलं परवडत नाही, आणि तुमच्याकडे त्यांना विचारायला कागद नव्हता.

मग अनुदान आलं. २०२४ च्या जानेवारीत डेअरीने २७ द्यायचे आणि सरकारने वर ५. जुलैत डेअरीने ३० आणि सरकारचे ५. ऑक्टोबरपासून डेअरीने २८ आणि सरकारचे ७. हे शेवटचं जरा नीट बघा साहेब. ३० आणि ५ किती होतात? ३५. २८ आणि ७ किती होतात? तेही ३५. पेपरात आलं "अनुदानात दोन रुपयांची वाढ", गावात फटाके उडवायचेच बाकी होते, आणि प्रत्यक्षात काय झालं तर डेअरीचे दोन रुपये वाचले आणि ते सरकारच्या तिजोरीतून भरले गेले, आम्ही होतो तिथंच. याला दूध उत्पादकाचं अनुदान कसं म्हणायचं?

आता तो ३५ तरी किती जणांना पडला ते बघू. हा दर असतो साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या दुधाला. जे वाचणारे शहरातले आहेत त्यांच्यासाठी सांगते, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे घट्ट असतं ते, प्रोटीन, साखर, क्षार वगैरे. एचएफ गाय दूध भरपूर देते पण पातळ देते, तो तिच्या जातीचाच गुण आहे. त्यात एप्रिल-मे आला, गोठ्यात पत्रा तापला, ओला चारा संपला, की एसएनएफ ८.३ वर येतो, काहीही करा येतोच. अन्न सुरक्षेच्या कायद्यात गाईच्या दुधाचं किमान प्रमाण काय आहे माहितीये ना? ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ. म्हणजे कायद्याने जे दूध एकदम शुद्ध, त्या दुधाला आमच्या बिलात कटिंग. आणि हेच दूध पुढं पिशवीत टोन्ड म्हणून जातं तेव्हा त्यात फॅट असतो ३.०, वरचा फॅट काढून लोणी, तूप केलेलं असतं, आणि त्याचे पैसे वेगळे. त्यांनी फॅट काढला की तो धंदा, आमच्या गाईने उन्हाळ्यात दोन पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.१) कमी दिले की तो आमचा दोष.

कटिंगचा हिशोब सांगते म्हणजे कळेल. शासन निर्णयात लिहिलंय की एक पॉइंट कमी झाला तर ३० पैसे कापायचे. समजा दूध लागलं ३.३ आणि ८.२. फॅटचे दोन पॉइंट, एसएनएफचे तीन, पाच गुणिले ३० पैसे, दीड रुपया. ठीक आहे, मान्य. पण बऱ्याच ठिकाणी एसएनएफला पॉइंटमागे एक रुपया कापायची पद्धत पडलेली आहे, तीन पॉइंटचे तीन रुपये आणि फॅटचे साठ पैसे, झाले ३ रुपये ६० पैसे. साठ लिटर दूध घालणाऱ्याचे रोजचे २१६ रुपये गेले, नियमाने गेले असते ९०. आणि वाढीला काय? ३.५ च्या वर ३.८ लागला तर ३० पैशाच्या हिशोबाने वाढ, तीही मिळाली तर. वर जाताना पैशात आणि खाली येताना रुपयात, हे दरपत्रक कुणी छापलं, कुणी सही केली, सेंटरवर भिंतीला लावलंय का, एकदा फिरून बघा ना.

हे सुद्धा मी समजून घेतलं असतं जर ते मशीन खरं असतं.

मिल्कोमीटर. गावात याच्याइतकं अविश्वासाचं दुसरं यंत्र नाही. दुधातून ध्वनीलहरी पाठवून ते फॅट एसएनएफ सांगतं, वाईट यंत्र नाहीये ते, पण त्याला रोज धुवावं लागतं, ठराविक दिवसांनी कॅलिब्रेशन लागतं, दूध फेसाळ असलं किंवा फार गार-गरम असलं तरी रीडिंग हलतं. आणि मुख्य म्हणजे त्यात सेटिंग असतं. ते सेटिंग कुणाच्या हातात? ज्याला दूध घ्यायचंय त्याच्या. म्हणजे विकत घेणाराच मापाचा मालक. कांद्याला निदान मार्केट यार्डात चार लोकांदेखत वजन होतं. इथं स्लिप निघते, आकडा दिसतो, पुढचा माणूस बादली घेऊन मागे उभा असतो, वाद घालायला वेळ नसतो, आणि घातला तर "ताई उद्यापासून दुसरीकडे घाला" हे ठरलेलं उत्तर. एकाच बादलीतलं दूध दोन बाटल्यात भरून दोन सेंटरवर लावलं तर दोन वेगळे आकडे येतात हे आमच्या भागात शेंबडं पोरगं पण सांगेल. माझ्याही बाबतीत झालंय, नाव घेत नाही कारण उद्या तिथंच दूध घालायचंय.

आता काही लोक म्हणतील शेतकरीच पाणी घालतात. घालतात काही, नाकारत नाही, आणि धार काढताना शेवटची धार वासराला सोडून पहिली पातळ धार बादलीत आणणारे पण असतात, शेवटच्या धारेत फॅट जास्त असतो हे माहीत नसतं त्यांना. पण पाण्याचं दूध पकडायलाच तर ते मशीन आहे. ते मशीन फक्त एकाच बाजूने चोर पकडतं. आणि खरी भेसळ, व्हे पावडर आणि केमिकलवाली, ती काही पाच-सहा गायावाल्याच्या गोठ्यात होत नाही, त्याला भांडवल लागतं. ते खोटं दूध बाजारात येतं तेव्हा आमच्या खऱ्या दुधाचा दर पडतो, त्यामुळे भेसळीची धाड पडली की सगळ्यात जास्त आनंद आम्हाला होतो. २०२३ मध्ये जिल्हा पातळीवर समित्या झाल्या, अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, पहिले काही महिने फोटो आले, मग समित्या कुठे गेल्या?

काट्याचं तर अजून सोपंय. इलेक्ट्रॉनिक काटा जर शंभर मिलीच्या टप्प्याने दाखवत असेल, तर माझं दूध १२ लिटर ९० मिली भरलं तरी लिहिणार १२. वरचे ९० मिली कुठं गेले? कॅनमध्येच गेले, पण हिशोबात नाही गेले. सरासरी पन्नास मिली धरा, सकाळ संध्याकाळ मिळून शंभर. एका सेंटरवर शंभर जण दूध घालत असतील तर दिवसाला दहा लिटर दूध फुकट जमा. ३० रुपयाने ३०० रुपये दिवसाचे, महिन्याचे ९ हजार. चोरी कुणी केली? कुणीच नाही, काट्याने केली. पेट्रोल पंपावर पाच मिलीवरून भांडणारी माणसं आहेत आपल्याकडे, आणि इथं रोज दोन वेळा हे चालतं. सोन्याच्या दुकानातल्या काट्यावर वैधमापनचा शिक्का असतो, भाजीवाल्याचं वजन तपासायला इन्स्पेक्टर येतो. आमच्या सेंटरवर तो इन्स्पेक्टर मी पाहिलेला नाही, माझ्या सासूबाईंनी पण पाहिलेला नाही आणि त्या माझ्या आधीपासून दूध घालतायत.

हे सगळं मी पहिल्यांदा बोलतेय असं नाही. किसान सभेचे डॉ. अजित नवले वर्षानुवर्षं मिल्कोमीटर आणि वजनकाटे तपासा म्हणून ओरडतायत, २०२४ च्या जुलैत आमच्या कोतूळला धरणं झालं, भर पावसात, गाया सोडून बायका येऊन बसल्या होत्या. मी कुठल्या पक्षाची नाही, पण मागणी बरोबर होती आणि आजही तीच मागणी करावी लागतेय म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

अनुदानाच्या वेळची गंमत सांगते. पाच रुपये हवेत तर गाईच्या कानात बिल्ला पाहिजे, बारा आकडी नंबरचा, तो नंबर भारत पशुधन ॲपवर पाहिजे, तिथं मालकाचं नाव आधारप्रमाणे पाहिजे, आधार बँकेला जोडलेलं पाहिजे, आणि दूध घालणाऱ्याचं नाव डेअरीच्या यादीत तेच पाहिजे. आता आमच्या घरात गाय सासऱ्यांच्या नावावर, दुधाचं खातं नवऱ्याच्या नावावर आणि धार काढते मी. ॲपला हे कुटुंब कळेना. एका गाईचा बिल्ला झुडपात अडकून तुटलेला, दुसरी लोणीच्या बाजारातून आणलेली, तिच्यावर अजून जुन्या मालकाचं नाव. बिल्ला मारायला सरकारी दवाखान्यात माणूस कमी, डेअरीवाल्याला माहिती भरायला वेळ कमी, आणि शेवटी तारीख संपली. शेजारच्या काकूंचं एका हप्त्याचं आलं, दुसऱ्याचं नाही, का नाही ते विचारायला कुठं जायचं हे कुणालाच सांगता येईना. बिल्ला वाईट आहे असं मी म्हणत नाही, लसीकरणाला, रोगाला, विम्याला उपयोगी आहे, सगळ्या गाया टॅग व्हायलाच पाहिजेत. पण लिटरवर पैसे द्यायचेत आणि लिटरचा हिशोब डेअरीच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच आहे, तर मग शेतकऱ्याला पळवायचं कशाला. कर्नाटकात सरकार कितीतरी वर्षं दूध घालणाऱ्याला लिटरमागे प्रोत्साहन देतंय, ५ रुपये, संघाच्या सोसायटीच्या नोंदीवरून. तिथं ते आंदोलन झालं की सुरू आणि दर वाढला की बंद असं नसतं. हां, तिथं बहुतेक दूध सहकारी सोसायटीत जातं म्हणून जमतं, आपल्याकडे मोठा भाग खाजगीत जातो, हा फरक मी मान्य करते.

आणि त्या फरकाबद्दल पण बोलू. गुजरातचं कौतुक ऐकून कान किटले आमचे. तिकडे एक ब्रँड, खाली जिल्ह्याचे संघ, ग्राहकाच्या रुपयातले ऐंशी पैशाच्या वर उत्पादकाला जातात. आपल्याकडे काय कमी होतं? आरे कॉलनी १९४९ ची. सरकारी दूध योजना होती, तालुक्याला शीतकरण केंद्रं होती, आज त्यातल्या कित्येकांच्या आवारात काटेरी बाभळी आहेत. कोल्हापूरचं गोकुळ, वारणा, असे संघ आपल्याकडेच उभे राहिले आणि टिकले, म्हणजे मराठी माणसाला सहकार जमत नाही हे खोटं आहे. पण राज्याचा म्हणून जो ब्रँड केला, महानंद, तो २०२४ मध्ये चालवायला एनडीडीबीकडे (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे) द्यावा लागला. कारण सगळ्यांना माहितीये, ज्या नेत्यांचे संघ महानंदचे सभासद त्यांचीच स्वतःची पिशवी बाजारात, मग चांगलं दूध महानंदला कोण देणार? आपल्याकडे जितके नेते तितक्या दुधाच्या पिशव्या झाल्यात, प्रत्येकीवर गाईचा फोटो.

डेअरीवाल्यांचं पण ऐकून घेते, मी एकतर्फी लिहीत नाहीये. त्यांचं म्हणणं असं की पिशवीत जितकं दूध विकलं जातं त्यापेक्षा जास्त दूध येतं, जास्तीचं दूध पावडर आणि लोणी करून ठेवावं लागतं, आणि जगात पावडरचे भाव पडले की आपलीही पडून राहते, भांडवल अडकतं, मग दर कुठून द्यायचा. हे खरं आहे. खोटं नाही. दूध साठवता येत नाही, गाईला आज सुट्टी घे म्हणता येत नाही. पण मग पावडरचा भाव चढतो तेव्हा आमचा दर त्याच वेगाने का चढत नाही? पडताना आठवड्यात पडतो, चढायला तीन महिने लागतात. आणि जास्तीच्या पावडरला गिऱ्हाईक सरकारच होऊ शकतं की. कर्नाटकने २०१३ पासून शाळेतल्या पोरांना दूध द्यायला सुरू केलं, पावडरचंच दूध, १५० मिली, संघांकडून घेऊन. आपल्या अंगणवाड्या आहेत, आश्रमशाळा आहेत, आमच्याच अकोले तालुक्यात किती आहेत बघा, तिथल्या पोरांना रोज कपभर दूध मिळालं तर पावडर पण खपेल आणि पोरांच्या अंगाला पण लागेल. दर पडल्यावर अनुदानाचे कोट्यवधी वाटण्यापेक्षा हे बरं नाही का.

मागणी फार मोठी नाही. उसाला एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) आहे, केंद्राचा आदेश आहे १९६६ चा, त्यात १४ दिवसात पैसे द्या असं लिहिलंय, कारखान्याने नाही दिले तर साखर जप्त करून वसुली करता येते. कारखानदार कुरकुरतात, थकवतात, तरी कायदा आहे म्हणून ऊसवाला निदान मोर्चा नेऊन कागद दाखवू शकतो. दुधाला असा कागदच नाही. ऊस वर्षातून एकदा जातो, दूध वर्षातून सातशे वेळा जातं, आणि त्याला दराची हमी नाही. खाजगी असो सहकारी असो, सगळ्यांना लागू होईल असा किमान दराचा कायदा, चाऱ्या-पेंडीच्या खर्चाशी जोडलेला, आणि डेअरीच्या तूप-लोण्या-पनीरच्या नफ्यात उसासारखा आमचा वाटा. हे झालं तर अनुदानाची वाट कुणी बघणार नाही.

खर्चाचं म्हणताय तर तोंडीच सांगते. १५ लिटरची गाय धरा. अंगाला दीड-दोन किलो आणि दर अडीच लिटरला एक किलो अशी पेंड लागते, म्हणजे सात-आठ किलो, गोळीपेंड, सरकी, भुसा मिळून सरासरी ३५ रुपये किलो धरा, झाले पावणेतीनशेच्या आसपास. मुरघास नाहीतर हिरवा चारा आणि वरून कडबा कुट्टी, शंभर-सव्वाशे. दूध ३० ने गेलं तर आले ४५०. उरले पन्नास-पाऊणशे. त्यात डॉक्टर, लाईट बिल, खनिज मिश्रण, गोचिडाचं औषध, आणि दोन महिने ती आटवल्यावर एक थेंब न देता खाते ते. आणि माझी मजुरी? शेण काढणं, गव्हाण झाडणं, कुट्टी करणं, पहाटे पाचची आणि संध्याकाळी पाचची धार, लग्नाला गेलं तरी चारच्या गाडीने परत, माहेरी मुक्काम नाही. माझी मजुरी त्यात कुठंच नाही. शेणखताची ट्रॉली विकली जाते तेवढाच नफा म्हणायचा, खरं सांगायचं तर आम्ही दूध नाही, शेण विकून जगतोय.

आता जो विषय कुणी काढत नाही तो. गोऱ्हे. गाय व्याली आणि कालवड झाली तर घरात पेढे, गोऱ्हा झाला तर सगळे गप्प. ट्रॅक्टर आल्यापासून एचएफच्या गोऱ्ह्याला काम नाही, वशिंड नाही म्हणून तो जुवाला पण चालत नाही. २०१५ ला गोहत्याबंदीचा कायदा बदलला, गाईसोबत बैल वळूही त्यात आले, तेव्हापासून गोऱ्ह्याला आणि भाकड जनावराला गिऱ्हाईक जवळजवळ संपलं. धर्माच्या वादात मला पडायचं नाही, गाय आम्हालाही देव आहे, पोळ्याला, वसुबारसेला आम्हीच पूजतो. पण तीन सडाची झालेली, चार वेळा भरवूनही गाभण न राहिलेली गाय दावणीला ठेवून तिला रोज दीडशेचा चारा घालायचा, तर तो कुठल्या पगारातून? २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने खरेदी बंद ठेवली कारण त्यांच्या गाड्या अडवतात, मारहाण होते, तेव्हा बाजारात जनावरं नेऊन परत आणायची वेळ आली लोकांवर. एक भाकड विकून त्यात भर घालून नवी पहिलारू आणायची, हे चक्र होतं, ते थांबलं. कायदा ठेवायचाय तर ठेवा, पण मग त्या जनावरांचा खर्च पण कायद्यात लिहा. गोशाळेला देशी गाईसाठी रोजचे पैसे देता, आमच्या गोठ्यातली भाकड एचएफ काय हवा खाते?

यावर उपाय म्हणून लिंगवर्गीकृत रेतमात्रा आहेत, बहुतेक वेळा कालवडच होईल अशा. चांगली गोष्ट आहे. पण भरवायला वेळेवर माणूस यायला पाहिजे. गाय माजावर आली की बारा-अठरा तासांचा खेळ असतो, दवाखान्यात डॉक्टर एक आणि गावं वीस, मग खाजगीवाल्याला फोन. तो येतो, कधी गाडी खराब असते म्हणून नाही येत, आला तर कुठल्या वळूच्या रेताची कांडी भरली ते विचारलं की "भारी आहे ताई". मणिभाई देसाईंनी १९६७ ला उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू करून दारात येऊन गाय भरवायची पद्धत लावली, त्या माणसाच्या राज्यात आज नोंदवही नाही. एकाच वळूची कांडी त्याच्याच पोटच्या पोरींना भरली जात असेल तर आम्हाला काय कळणार, आणि मग दूध का वाढत नाही म्हणून आम्हालाच प्रशिक्षण.

२०२२ ला लम्पी आला तेव्हा मात्र खातं हललं हे मान्य करायलाच पाहिजे. लस फुकट मिळाली, गाय दगावली तर ३० हजार, बैलाला २५, वासराला १६ दिले. आमच्या ओळखीत मिळाले. बाजारात ती गाय लाखाच्या आसपासची होती ही गोष्ट वेगळी, पण मिळाले. म्हणजे मनावर घेतलं तर तुमचं खातं गावापर्यंत येऊ शकतं. म्हणूनच तर हे पत्र लिहितेय, नाहीतर कशाला लिहिलं असतं.

तर पहिलं काम, कायदा वगैरे होईल तेव्हा होईल, त्याला अधिवेशन लागतं, चर्चा लागते, हरकती लागतात. काटा आणि मिल्कोमीटर तपासायला अधिवेशन लागत नाही. प्रत्येक सेंटरवर दहा मिलीपर्यंत दाखवणारा काटा, वर्षाचा शिक्का दिसेल असा, मिल्कोमीटरची तपासणी दूध घेणाऱ्याने नाही तर तिसऱ्याच कुणीतरी करायची, दरपत्रक भिंतीवर, आणि शंका आली तर शेतकऱ्याने सॅम्पल न्यावं अशी तालुक्याला एक प्रयोगशाळा. कृषी विद्यापीठ राहुरीला आहे, दुग्धशास्त्राची पोरं तिथं शिकतायत, त्यांना पाठवा की महिन्याला, त्यांचंही शिक्षण होईल. आणि ज्या सेंटरचा काटा खोटा निघेल त्याचं नाव पेपरात द्या, जसं पाणी घालणाऱ्याचं देता.

न सांगता या म्हणजे झालं. तारीख आधी कळवली तर त्या दिवशी सगळ्यांचं फॅट चार लागेल. आमच्याकडे संकलन सकाळी सहा ते साडेसात असतं, संध्याकाळी पण असतं पण सकाळी गर्दी असते ती बघण्यासारखी. येताना सोबत शिक्का असलेलं दहा किलोचं वजन आणा, बाकी बादली आमची आहेच.

आपली,
एक दूध उत्पादक
मुळा खोरं, जि. अहिल्यानगर

ता.क. डेअरीच्या खात्यावर नाव टाकताना धार काढणाऱ्या बाईचं नाव पण सोबत टाकता येईल का, असा एक शासन निर्णय काढा. याला पैसे लागत नाहीत. सातबाऱ्यावर नाव लागायला आम्हाला किती वर्षं लागली ते माहितीये, निदान दुधाच्या स्लिपवर तरी लवकर लागू द्या, म्हणजे पुढच्या वेळी अनुदान आलं की ॲपला आमचं कुटुंब कळेल.